झाहोविचला दोन ओळीत उरकलंत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या क्रीडा पानावरचं स्लोव्हेनियाच्या फुटबॉलवरचं टिपण वाचलं आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलोय. गोलकीपर ओब्लाक आणि फॉरवर्ड शेश्कोचं कौतुक केलंत, चांगलं केलंत, दोघंही त्या लायकीचे आहेत. पण झ्लात्को झाहोविचच्या वाट्याला फक्त दोन ओळी, आणि त्यात काय तर 2002 च्या वर्ल्ड कपमधून कोचशी भांडला म्हणून घरी पाठवलेला आणि व्हॅलेन्सिया क्लबची चॅम्पियन्स लीग फायनल पेनल्टी चुकवून घालवलेला खेळाडू. बाकी काहीच नाही? 80 मॅच आणि 35 गोल, आणि तेही मिडफिल्डमधून खेळताना! स्लोव्हेनियाकडून सगळ्यात जास्त गोल अजूनही त्याच्याच नावावर आहेत. ज्या देशावर लिहिलंत त्या देशाचा हा आकडा अख्ख्या टिपणात शोधून सापडत नाही.

पेनल्टीचं आधी सांगतो. 23 मे 2001, मिलानचं सॅन सिरो स्टेडियम, समोर जर्मनीचा बायर्न म्युनिक क्लब. झाहोविच बदली म्हणून मैदानात आला होता. शूटआउटमध्ये बायर्नचा गोलकीपर ऑलिव्हर कानने व्हॅलेन्सियाच्या तीन पेनल्टी अडवल्या, झाहोविचची, कार्बोनीची आणि शेवटची पेलेग्रिनोची. झाहोविचची अडली तेव्हा दोन्हीकडे 2-2 होतं, म्हणजे काहीच हातातून गेलं नव्हतं. मग फायनल त्याने एकट्याने कशी काय घालवली?

आता भांडणाचं. भांडला, हे खरंच आहे. स्पेनविरुद्ध कोच कातानेच यांनी त्याला बाहेर काढलं, त्यानंतर तो कोचला नको ते बोलला, आणि त्याला घरी पाठवलं. चूक त्याचीच होती आणि ती मी झाकत नाही. पण त्याच्याशिवाय टीम दक्षिण आफ्रिकेशी हरली, पॅराग्वेशी हरली, कातानेच यांनीही पद सोडलं, आणि हा माणूस पुढे परत देशाकडून 2004 पर्यंत खेळला, हे कोण लिहिणार?

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. माझे थोरले बंधू कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून खेळायचे, मिडफिल्डलाच. डाव्या पायाने असा बॉल टाकायचे की फॉरवर्डला फक्त पाय लावायचं काम उरायचं. एका वर्षी शाहू स्टेडियमवर मॅच चालू असताना कोचनी त्यांना बाहेर बोलावलं, पब्लिक ओरडत होतं, बंधूंचा तोल गेला आणि त्यांनी जर्सी काढून कोचच्या पायाशी फेकली. संपलं. टीममधून काढलं, दुसऱ्या दिवशी तीन ओळींची बातमी आली. त्याआधीचे अकरा सीझन कुणाला आठवत नाहीत. आजही लग्नात कुणी ओळख करून देतं ती 'जर्सी फेकलेला तो हाच' अशी, आणि बंधू नुसते मान हलवतात. साठीला आलेत आता.

2000 च्या युरो कपला आम्ही दोघं रात्री सव्वाबाराला टीव्हीचा आवाज बंद करून बसायचो, कारण वडील बाहेरच्या खोलीतच झोपायचे. बेल्जियममधल्या शार्लरुआला स्लोव्हेनिया विरुद्ध युगोस्लाव्हिया, 13 जून. वीस लाख वस्तीचा देश, पहिलीच मोठी स्पर्धा, आणि समोर तोच देश ज्याच्यातून नऊ वर्षांपूर्वी ते वेगळे झाले होते. झाहोविच स्वतः मारिबोरचा पण तयार झाला बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबमध्ये. पहिला गोल त्याचा, दुसरा पावलिनचा, आणि तिसऱ्याला त्यांच्या मिहायलोविचने आपल्याच गोलसमोर आडवा पास दिला तो मधेच उचलून याने आत घातला. 3-0! बंधू तोंडावर उशी दाबून ओरडले होते. नंतर मिहायलोविचला रेड कार्ड मिळालं तरी दहा जणांच्या युगोस्लाव्हियाने सहा मिनिटांत तीन गोल मारून बरोबरी केली ते वेगळं. पुढच्या मॅचला स्पेनविरुद्धही गोल याचाच, म्हणजे त्या युरोत स्लोव्हेनियाने मारलेल्या चार गोलांतले तीन झाहोविचचे.

आणि 2002 ला स्पेनची मॅच रविवारी संध्याकाळी पाचला होती, तीही एकत्र बघितली. नंतर त्याला घरी पाठवल्याची बातमी आली तेव्हा बंधूंनी पेपर वाचला, घडी केली आणि काही न बोलता गाडीला किक मारून निघून गेले. रात्री जेवायलाच आले.

काल तुमचं टिपणही त्यांनी वाचलंय. मला फोन करून एवढंच म्हणाले, 'बघितलंस का रे?'

पोर्तुगालच्या पोर्तो क्लबबरोबर सलग तीन लीग, 1998-99 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये सात गोल, त्याआधी तिथल्याच गिमारायश क्लबची वर्षं, शेवटी बेनफिका, तोही तिथलाच. रिटायर झाल्यावर 2007 पासून 2020 पर्यंत मारिबोर क्लबचा स्पोर्टिंग डायरेक्टर, आणि त्या काळात तो क्लब दोनदा चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला पोचला. यातलं एक वाक्य तरी बसलं असतं ना तुमच्या चौकटीत?

आणखी एक. टिपणासोबत जो झेंडा छापलाय तो स्लोव्हाकियाचा आहे. पांढरा निळा लाल दोघांचाही, पण स्लोव्हेनियाच्या ढालीवर त्रिग्लाव डोंगर आणि वर तीन तारे असतात, तुम्ही छापलाय तो दुहेरी क्रॉसवाला. शिवाय आडनाव 'झाहोविक' नाही, झाहोविच. पेपर मी लहानपणापासून घेतो, म्हणून हक्काने सांगतोय, दुरुस्ती छापणार असाल तर क्रीडा पानावरच छापा आणि 35 गोल आकड्यात छापा. बंधू चष्मा न लावता वाचतात.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर