वैजू, तुझ्या अंगणात बघ

तळेगाव, १७ जानेवारी

प्रिय वैजू,

दिवाळीपासून पत्र नाही. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तिथेच आहे.

अगं, लॉनमध्ये नळापाशी ओल राहते ना, तिथे एक काहीतरी फुललंय. वीतभर उंच. पानं अरुंद, गवताचीच वाटतात, म्हणून तुरा येईपर्यंत पत्ताच नव्हता. फुलं जेमतेम अर्धा सेंटीमीटर, पांढरी, ओठ (ती खालची वेगळी पाकळी) पिवळाधमक. भिंग घेऊन पालथी पडले होते, तर शेजारच्या काकू कुंपणावरून, "पडलात का हो?" सुईने फूल उसवलं. पराग सुटे नाहीत, गोळे! आमरीच, ऑर्किड! कुकचा फ्लोरा, आपला तो वनस्पती ओळखायचा जुना ग्रंथ, काढला आणि झ्यूक्झाइन स्ट्रॅट्युमॅटिकापाशी येऊन थांबले. (महाबळेश्वरची ती दुसरी आमरी, हाबेनारिया, तूच तुडवली होतीस. मी नाही. अजूनही नाही.)

पण ह्यांना गाडीसाठी नेमके तिथेच पेव्हर ब्लॉक टाकायचेत. माणूस सोमवारी येतोय. "कुंडीत लाव की!" म्हणे. कशी लावू? हिचं सगळं मातीतल्या बुरशीच्या जिवावर. बी म्हणजे नुसती धूळ, आत अन्नाचा कण नाही, बुरशी भेटली तरच रुजणार. उपटून हलवली की बहुतेक वेळा जातेच. बरं, फळं धरली की झाड आपलं आपण वाळतं, बी वाऱ्यावर जातं. तेवढं होऊ द्या म्हटलं, तर म्हणतात, "वाळणारच आहे ना, मग सोमवारी काय वाईट?" ह्यांच्यापेक्षा आपल्या सरांची तोंडी परीक्षा परवडली.

आणि खरी गोची तुझ्या फ्लोरिडाची. आशियातली ही बाई तिथे १९३६ साली सापडली, आणि आता लोकांच्या लॉनमध्ये बिनदिक्कत उगवते. तण म्हणतात तिला! ह्यांच्या कानावर गेलं तर रविवारीच फावडं काढतील.

नातवाचं अभिनंदन गं, बारशाचे फोटो पाठव. नवी नोकरी जमली का लेकीला?

तुझ्याकडेही ती याच दिवसांत फुलते. दिसली तर ओठाचा जवळून फोटो काढून धाड, माझ्या नंबरवर, घरच्या ग्रुपवर नको. व्हिडिओ कॉलवर ह्यांनी विषय काढलाच, तर "आमरी आहे हो भावजी" एवढंच म्हण. खोटं बोलू नकोस, फक्त तण हा शब्द गिळ.

तुझी,
सुमी