दिंडोरी रोडवरच्या खतवाल्या काकांना थँक यू

काका, तुम्हाला कदाचित आठवणार पण नाही. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी मी पप्पांसोबत खतं घ्यायला आले होते, पप्पा हिशोब करत होते आणि मी कोपऱ्यात केमिस्ट्रीचा पेपर घेऊन बसलेले. अमोनियम सल्फेटला मी कोव्हॅलेंट (म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतलेला बंध) लिहिलेलं आणि ते चुकलेलं. क्लासमध्ये एकच सांगितलेलं, मेटल अधिक नॉनमेटल म्हणजे आयनिक (प्लस-मायनस चार्जवाल्या कणांची, म्हणजे आयनांची, ओढ), दोन्ही नॉनमेटल म्हणजे कोव्हॅलेंट, मग यात मेटल कुठंय? तेच मला कळेना.

तुम्ही पेपर बघितला आणि काहीच न बोलता आरओच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या. एकीत लिटरला एक ग्रॅम युरिया, दुसरीत तेवढंच अमोनियम सल्फेट, आणि पाण्यातून वीज किती वाहते ते दाखवणारा ईसी मीटर माझ्या हातात दिला. युरियाच्या पाण्यात आकडा हललाच नाही म्हणा ना, आणि दुसऱ्या बाटलीत थेट दोनच्या आसपास! दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात छान विरघळलेली, दोन्हीत नायट्रोजन. मी तर तोवर विरघळलं की आयनिक असंच धरून चालले होते.

मग तुम्ही पावतीच्या मागे काढून दाखवलं, की युरियाचा रेणू पाण्यात अख्खाच राहतो, चार्ज वाहून न्यायला कोणी नाही. अमोनियममध्ये मात्र एक नायट्रोजन आणि चार हायड्रोजन आपसात कोव्हॅलेंटच जोडलेले, पण ती पूर्ण टोळी मिळून प्लस चार्ज घेऊन फिरते, सल्फेटची टोळी मायनस, आणि त्या दोघांमधली ओढ आयनिक. एकाच खतात दोन्ही बंध! हे मला आधी कोणीच असं सांगितलं नव्हतं.

आणि वर हेही बजावलंत की नुसत्या मीटरवर विसंबू नको, ड्रिप धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड मीटर जोरात चढवतं पण त्याचा मूळ वायू कोव्हॅलेंट आहे, पाण्यात गेल्यावर आयन होतात. म्हणून वितळायचं तापमान पण बघ, आयनिक मीठ ८०१ डिग्रीला, कोव्हॅलेंट युरिया १३३ लाच.

गिऱ्हाईकं थांबली होती तरी तुम्ही मला वेळ दिलात काका, मनापासून थँक यू. ती पावती मी वहीत चिकटवलीय. पुढच्या खेपेला ॲल्युमिनियम क्लोराइडचं विचारायचंय, मेटल असूनही ते १८० डिग्रीच्या आसपास डायरेक्ट वाफ कसं होतं ते.