आधी एक पावसाळा जाऊ दे

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. ओला कचरा खाऊन वाढणाऱ्या आणि कोंबड्यांना खाद्य म्हणून चालणाऱ्या तुझ्या त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. बाहेरची एक कंपनी तीस घरांत त्या वाढवायचे युनिट बसवून द्यायला तयार आहे, तयार अळ्या तीच परत विकत घेणार आहे, आणि निपाणी भागातली घरं मी सुचवायची आहेत. मी नुसतं "बघते" म्हणाले. दारात माणसं आली होती आणि असलं बोलणं तुटक करू नये. आमच्या महिला संघातल्या एकाही बाईचं नाव मी त्या कंपनीला देणार नाही. तुझ्या कामाला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि तो आहे म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

आधी कामाबद्दल. एवढं शिकून किडे पाळते म्हणून भावकीत जे बोलतात ते मनावर घेऊ नकोस. कच्च्या रेशमात कर्नाटक देशात पहिलं आहे, ते किडे पाळूनच. माशी म्हटली की लोक तोंड फिरवतात, कारण त्यांना घरमाशी तेवढी ठाऊक. ही माशी मोठी झाल्यावर अन्न शोधत फिरत नाही, अळी असताना साठवलेल्या चरबीवरच जगते, त्यामुळे घाणीवरून उठून ताटावर बसायला येत नाही. हे तूच मला समजावलंस आणि आता मी ते भेटेल तिला सांगत असते.

तुझा हा नाद काही कॉलेजात लागलेला नाही. 2002 साली उसावर लोकरी मावा आला. सांगलीकडून आला आणि बघता बघता आपल्या बाजूचे फड पांढरे झाले. पानाच्या खालच्या अंगाला कापूस चिकटावा तसा मावा, आणि त्याचा गोड चिकटा खालच्या पानांवर गळून त्यावर काळी काजळी धरलेली. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन फवारायचं कसं? फवारून फवारून माणसं थकली. मग कृषी खात्याची माणसं सांगत आली, फवारणी थांबवा, पानांवर डिफाच्या अळ्या दिसतात का बघा. डिफा म्हणजे एक पतंग, त्याची अळी हा मावा खाते. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं मायक्रोमस नावाचा दुसरा मित्रकीटक वाढवून शेतात सोडायला दिला. ज्याच्या फडात डिफा सापडला त्यानं ती पानं कापून दुसऱ्याच्या फडात नेऊन बांधायची, असं चाललं होतं. तू शाळेत नुकती जायला लागली होतीस. पान उलटं धरून बसायचीस आणि "आई, यातला खाणारा कुठला आणि खाल्ला जाणारा कुठला?" म्हणून मला भंडावून सोडायचीस. मला तरी कुठं ठाऊक होतं! बांधावर आलेल्या साहेबांना तू तेच विचारलंस, आणि त्यांनी खिशातलं भिंग काढून तुझ्या हातात दिलं.

त्या वेळी कुणी कुणाला काही विकलं नाही. पानं हातोहात फिरली, माहिती तोंडी फिरली, आणि मावा आटोक्यात आला. पुढं तू शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच्या राखीव जागांची प्रात्यक्षिक परीक्षा देऊन धारवाडला गेलीस, कीटकशास्त्र घेतलंस, मामाच्या खानापूरच्या जागेत या माशीची शेड घातलीस. या सगळ्याची सुरुवात मी त्या पानात धरते. म्हणून कंपनीचं नाव ऐकून मला धस्स झालं.

आपल्या भागानं हमीभावाची गोडी चाखलेली आहे. इमू पक्षी आला तेव्हा तू हायस्कुलात होतीस. महागडी पिल्लं घ्या, अंडी आम्ही नेतो, तेल आम्ही काढतो. पलीकडच्या वस्तीवर एकानं शेतावर कर्ज काढून कुंपण घातलं. कंपनीचा फोन लागेनासा झाल्यावर त्या पक्ष्यांना खायला काय घालायचं हाच प्रश्न त्या घराला पडला. नंतर कडकनाथ कोंबडी आली. 2019 साली सांगली-कोल्हापुरात किती जणांचे पैसे अडकले आणि गुन्हे दाखल झाले ते तू पेपरात वाचलं असशील. दोन्ही वेळा पक्ष्याचा दोष नव्हता. पिल्लू विकणारा आणि माल घेणारा एकच होता, आणि त्याचा नफा पिल्लू विकण्यात होता. तुझ्या कंपनीचा नफा कशात आहे, युनिट विकण्यात की अळ्या विकण्यात, हे तू त्यांना विचारलंस का? युनिटचे पैसे बायकांनी आधी भरायचे असतील तर उत्तर मिळालंच.

आणि ते पैसे बायका कुठून आणतील? मायक्रोफायनान्सकडून. बाळ, इथल्या गल्लीत हप्त्याच्या दिवशी घरं कशी कडी लावून बसतात ते तुला खानापुरात बसून दिसत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला वसुलीच्या जाचाविरुद्ध वटहुकूम काढावा लागला, एवढी वेळ आली होती. तशा बाईच्या डोक्यावर आणखी एक हप्ता, आणि तो आपल्या शब्दावर? ते पाप मला झेपणार नाही.

आता तुझाच हिशेब तुला सांगते, कारण मागच्या वेळी आले तेव्हा तुझी वही मी उलटून पाहिली आहे. दहा किलो ओल्या कचऱ्यातून सगळं जमून आलं तर दोन किलोच्या आसपास ओल्या अळ्या. वाळवल्या की त्यांचा तिसरा हिस्सा उरतो. आपल्यासारख्या घरात उष्टं-खरकटं, भाजीची देठं मिळून दिवसाला किलोभर निघतं. म्हणजे पाव किलोलासुद्धा कमी ओल्या अळ्या. वाळवून विकायला बसलं तर मूठ-दोन मुठी. त्यावर कुठल्या घराचा हप्ता फिटतो? पण त्याच ओल्या अळ्या दारातल्या कोंबड्यांना घातल्या तर? वाळवलेल्या अळीत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि वर चरबी. चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियमही, भरपूर असतो असं तू म्हणतेस. धान्याच्या जोडीला एवढं मिळालं तर पाच-सहा गावरान कोंबड्यांना बरं पडतं. घराला पुरेल एवढंच हे काम आहे. विकण्याएवढं करायचं तर मार्केटचा, हॉटेलांचा कचरा टनांनी लागतो, गाडी लागते, वाळवण्याची सोय लागते. तो कारखाना झाला, आणि कारखाना तीस बायकांच्या परसात वाटून चालत नाही. फ्रान्समधल्या त्या नावाजलेल्या कंपनीचं तूच सांगितलं होतंस ना? 2011 साली सुरू झालेली, अळ्यांपासून प्रथिनं करणारी, केवढा पैसा ओतलेली. तीसुद्धा 2024 साली कर्ज देणाऱ्यांपासून संरक्षण मागायला न्यायालयात गेली.

खानापूरच्या पावसाचं तर वेगळंच. माशीचं मीलन व्हायला लख्ख उजेड लागतो. गेल्या आषाढात दिवसचे दिवस ऊन नव्हतं, दिवे लावावेत तर वीज नाही, आणि अंडी घालायला ठेवलेल्या फळ्यांच्या फटी रिकाम्याच राहिल्या म्हणून तू रडवेली होऊन फोन केला होतास. तू कीटकशास्त्राची पदवीधर, तुझी ही गत. निपाणीच्या बाईला माश्यांचा पिंजरा सांभाळायला सांगून कसं चालेल?

म्हणून माझ्या डोक्यात वेगळं आहे. तुझी मावशी तुती लावून रेशीम करते. ती अंडीपुंज घरी फोडत नाही. चॉकी केंद्रात दुसरी कात टाकेपर्यंत नाजूक अळ्या जाणत्या हातांखाली वाढतात आणि मगच तिच्याकडे येतात. कोष झाले की ते कोषबाजारात लिलावाला जातात, चार व्यापारी बोली लावतात, कुणा एकाच्या मर्जीवर ती नसते. तुझ्या माशीला बाजार अजून आला नाही. पण चॉकी तर तुला करता येईल! पिंजरा, अंडी, पहिले पाच दिवस हे सगळं तुझ्या शेडवर. पाच दिवसांच्या अळ्या डब्यात घालून बाईला द्यायच्या. तिनं एका टबात रोज कचरा घालायचा, फार ओलं झालं तर भाताचा कोंडा मिसळायचा, मुठीत दाबून थेंब-दोन थेंब पाणी निघतंय एवढी ओल ठेवायची. दीड-दोन आठवड्यांत कोंबड्यांना घालायचं. उरलेलं खत परसातल्या वांग्यांना. तिला युनिट नको, कर्ज नको, माल परत विकत घ्यायची कुणाची हमी नको. फार तर एक टब फुकट जाईल.

कचऱ्याबाबत मात्र बायकांना पहिल्याच दिवशी बजाव. मार्केटमधला कीटकनाशक फवारलेला कोबी-फ्लॉवर आणून टाकला तर अळ्या मरू शकतात. त्यापेक्षा आपली मोडकी रताळी, काजूच्या हंगामात झाडाखाली कुजणारी बोंडं, शिळा भात. एप्रिलमध्ये तुझ्या शेडवर बोंडांच्या ढिगात अळ्या वळवळताना मी पाहिल्या. आंबूस वास होता, पण घाण वास नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ढिगात सालं आणि चोथा एवढंच उरलं होतं. काही अळ्या काळ्या पडून उतरत्या फळीवरून आपण होऊन कोरड्या बादलीत येऊन पडत होत्या. मला ते बघतच बसावंसं वाटलं.

आता रविवारी तुझ्या शेडवर शिकायला येणाऱ्या मुलींबद्दल, कारण मला त्यात जास्त जीव वाटतो. त्या दिवशी अकरावीतली ती किरकोळ बांध्याची मुलगी मला बोटावर माशी बसवून दाखवत होती. "काकू, बघा, गांधीलमाशी वाटते ना? पण पंख मोजा. दोनच आहेत, गांधीलमाशीला चार. आणि पोटाजवळ बघा, आरपार दिसतंय." मी चष्मा पुसून पाहिलं, खरंच पोटाला दोन खिडक्या, पलीकडचं तिचं बोट दिसत होतं. तिच्या वहीत एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. शेजारी बसलेली कन्नड शाळेतली मैत्रीण तिला शब्द पुरवत होती आणि बदल्यात हिच्याकडून गणित घेत होती. हे तू ठरवून केलंस की आपोआप झालं ते मला माहीत नाही, पण ते मोडू देऊ नकोस. योजनेचे कागद, उतारा, कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातला अर्ज सगळं कन्नडमध्ये. पुढचं शिक्षण इंग्रजीत. मराठी शाळेतून तू अकरावी सायन्सला गेलीस तेव्हा पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडलं नव्हतंस. तेव्हा असं कुणी जवळ बसलं असतं तर तुझे किती दिवस वाचले असते.

त्या मुलींना माशीपुरतं ठेवू नकोस. सीईटीचा अर्ज केव्हा निघतो, शेतकरी कोट्याच्या प्रात्यक्षिकाला काय काय ओळखायला ठेवतात, दाखल्यासाठी वडिलांचे कोणते कागद आधीपासून जमवायचे, हे सांग. तुझ्या वेळी त्या दाखल्यासाठी बाबांनी तालुक्याला किती खेटे घातले ते आठव. मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात त्यांना एकदा घेऊन जा. वजनकाटा त्यांच्या हातात दे. किती घातलं, किती निघालं, विजेचा खर्च किती, सगळं त्यांनीच लिहायचं. आणि जी खेप वाया गेली तीही लिहायची, झाकायची नाही. ज्या मुली शेडचं काम करतात त्यांना रोजंदारी दे. शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात तू बसू नकोस.

यातली एखादी उद्या धारवाडला गेली, एखादी लग्न होऊन चंदगडला किंवा संकेश्वरला गेली, तर तिथल्या परसात टब लागेल. एवढ्या सावकाशीनं वाढलं तरी मला चालेल. तुला घाई आहे हे मी समजते. बरोबरीचे बंगळुरूला पगारावर आहेत, शेडचं कर्ज तुझ्या नावावर आहे. कर्जाचा हप्ता दोन वर्षं दुधाच्या पैशातून गेला तरी हरकत नाही, हे मी बाबांशी बोलून लिहिते आहे.

मृग लागायला आला. कंपनीला कळव की एक पावसाळा जाऊ दे, मग बोलू. थांबायला तयार नसतील तर जाऊ देत. पुढच्या रविवारी भाऊ तिकडं येतोय, त्याच्याबरोबर पाच दिवसांच्या अळ्यांचा पहिला डबा पाठव. झाकणाला बारीक जाळी लाव, एसटीत उलटायला नको. टब मी धुऊन ठेवला आहे, कोंबड्या सहा आहेत, एक खुडूक. कचरा किती घातला ते रोज लिहायला वही घातली आहे. डब्यासोबत त्या अकरावीतल्या मुलीच्या हातचं एक पान पाठव, काय करायचं आणि काय नाही, मराठी-कन्नड दोन्हीत. माझं काही चुकलं तर मी तिलाच फोन करीन.

तुझी,
आई