जुन्या होडीवर टू-स्ट्रोक घ्यावं की फोर-स्ट्रोक?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सेकंडहँड गाडी कशी बघून घ्यावी यावर पेपरात अधूनमधून काहीतरी येतच असतं, पण ठाण्यापासून बेलापूरपर्यंत एवढी मोठी खाडी आहे, चेंदणी, दिवा, वाशी, सारसोळे, दिवाळे असे कोळीवाडे आहेत, तिथे जुनी होडी घेणाऱ्याला विकणारा सांगेल तेवढंच कळतं. म्हणून लिहितोय, जागा असेल तर छापा.

विषय निघाला भाच्यामुळे. खाडीत जाळं मारायला त्याला फायबरची होडी पाहिजे, दोन बघून ठेवल्यात, दोन्हीवर पंधरा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लटकवायचं, एकीवर जुनं टू-स्ट्रोक (जुन्या स्कूटरसारखं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं) आणि दुसरीवर फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळं). फोर-स्ट्रोकवाली अर्थातच महाग. मला विचारतो, मामा, मशीन कुठलं चांगलं? मी म्हटलं, आधी सांग तू रोज जाणार की सणावारी.

टू-स्ट्रोकचं वजन साधारण 36 किलो, गडी एकटा खांद्यावर मारून घरी आणतो, आणि ओहोटीला होडी चिखलात बसली की याची किंमत कळते. फोर-स्ट्रोक साधारण 45 ते 50 किलो, त्याला दोघं लागतात, आणि आडवं ठेवायचं तर कंपनीने सांगितलेल्या बाजूवरच, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये जातं. टू-स्ट्रोकमध्ये बिघडण्यासारखं कमी, कार्ब्युरेटर आणि प्लग साफ केला की निम्म्या तक्रारी मिटतात. पण ते पितं भरपूर. नवीन पेट्रोल आत येताना धूर जायची वाट पण उघडीच असते, म्हणून पावएक पेट्रोल न जळताच पाण्यात जातं, आणि हळू चालवताना तर जास्तच. आपलं काम हळूच असतं ना, जाळं ओढायचं, गाळातून वाट काढायची. शिवाय पेट्रोलच्या लिटरमागे 20 मिली ऑइल, ते पण पाण्याने थंड होणाऱ्या मशीनचं, टीसी-डब्ल्यू थ्री लिहिलेलं. पुष्कळ जण स्कूटरचं टूटी ऑइल ओततात आणि मग मशीनला शिव्या देतात.

त्या न जळलेल्या पेट्रोल-ऑइलचा तवंग जातो कुठे? याच खाडीत. 2015 साली तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 ला ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, ते सगळं सोडा, आपली कोळंबी आणि चिंबोरी त्याच पाण्यात आहे. अमेरिकेत 1996 ला धुराचे नियम आले आणि तिकडे असली कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक हळूहळू बाजारातून गेली. इकडे अजून चालतात.

इंजेक्शनवालं, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं टू-स्ट्रोक पण असतं, हौशी लोकांच्या स्पीडबोटींवर एखादं इव्हिनरूड ई-टेक दिसतं. धूर कमी, ताकद मस्त, पण कंपनीने 2020 ला आउटबोर्ड बनवणंच बंद केलं. पार्ट शोधत फिरायची हौस असेल त्याने घ्यावं.

आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि खाडीवर दमट हवेला काय तोटा! टाकी अर्धी भरून फार दिवस ठेवली आणि पाणी जास्त शिरलं की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, ऑइल मात्र वर पेट्रोलसोबत राहतं, आणि मशीन ओढतं तळातून. टू-स्ट्रोकला म्हणजे ऑइलशिवाय चालवल्यासारखंच, पिस्टन जाम. जुने रबरी पाइप पण त्याने फुगतात, म्हणून जुनं मशीन घेताना पाइप बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

बघायला जाताना आधी फोन करून सांगा की मशीन चालू करू नका. गेल्यावर हात लावा, गरम लागलं तर समजा थंड असताना ते नखरे करतं. चालू केलं की मागून पाण्याची पिचकारी नीट पडते का बघा, आपल्या गाळात इम्पेलर, म्हणजे थंड करायला पाणी ओढणारा पंखा, लवकर झिजतो. खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढायला लावा, दुधाळ निघालं तर सील गेलंय. मेकॅनिकला नेऊन कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या, सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. मशीनवरचा नंबर बिलाशी जुळवा आणि मासेमारीची होडी असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याकडची नोंद नावावर करून मिळणार का ते पैसे द्यायच्या आधी विचारा.

पण सगळ्यात महत्त्वाची ती मागची फळी, जिच्यावर मशीन लटकतं. वरून फायबर चकचकीत असतं आणि आतलं प्लायवूड कुजलेलं. मशीनची खालची शेपटी धरून वर उचला आणि फळी हलते का बघा, मग हातोडीच्या दांड्याने ठोका, बद्द आवाज आला की आत पाणी शिरलंय. भाच्याने बघितलेली फोर-स्ट्रोकवाली होडी नेमकी अशीच निघाली, होडी जुनी, पूर्वी टू-स्ट्रोकवर चालायची, मालकाने नंतर जड मशीन टाकलं आणि फळी तीच ठेवली. तरी मी त्याला तीच घ्यायला सांगितलंय, कारण हा रोज जाणार, दोन वर्षांत पेट्रोलमध्येच वरचे पैसे वसूल होतील. फक्त नवीन फळीचा खर्च किमतीतून कापून घे म्हटलं. महिन्यातून दोनदा गळ टाकायला जाणारा असता तर टू-स्ट्रोकच घे म्हणालो असतो, वापरलेलं आणि सांभाळलेलं असेल तर. नुसतं पडून राहिलेलं मशीन कुठलंही असो, मी हात लावणार नाही.

शेवटचं, आणि हे तुम्ही जरा ठळक छापा. मशीन टू-स्ट्रोक असो की फोर, खाऱ्या पाण्यातून आलं की दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवावं लागतं, नाहीतर आतले पाण्याचे मार्ग मिठाने बुजतात. आमच्या जेट्टीवर दिवे आलेत, बाकडी आलीत, रंगरंगोटी झाली, गोड्या पाण्याचा एक नळ नाही. पोरं घरून कॅन भरून आणतात किंवा मग धूतच नाहीत. मीटर लावून द्या, बिल आम्ही होडीवाले वर्गणी काढून भरू.

– एक होडीवाला,
दिवाळे गाव, बेलापूर, नवी मुंबई