तुझ्या लेकीच्या निर्णयाबद्दल

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लेक हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून आरोग्याच्या क्षेत्रात स्वतःची कंपनी काढायची म्हणते, आणि वहिनींनी त्याचा धसका घेतला आहे. त्यांची काळजी मला समजते. तू विचारलंस, "इतकी वर्षं तू याच धंद्यात आहेस, खरं सांग, तिला जाऊ द्यावं का?" जाऊ द्यावं. पण कसं जावं, यावर मला बरंच बोलायचं आहे. हे पत्र तिलाही वाचायला दे.

मी शाळांसाठी मराठी पाठांचं सॉफ्टवेअर करत आरोग्याकडे आलो. हे दोन वेगळे धंदे कसे काय जमवलेस, असं लोक विचारतात. मला ते कधी वेगळे वाटलेच नाहीत. मूल शिकतं, पैसे आईबाप देतात किंवा सरकार देतं. रुग्ण तपासला जातो, सॉफ्टवेअरची निवड मात्र वरच्या कार्यालयात होते. जो वापरतो तो निवडत नाही आणि जो निवडतो तो वापरत नाही. या दोघांच्या मध्ये एक माणूस दिवसभर राबत असतो. शाळेत तो गुरुजी असतो, गावात आशाताई असते, प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स असते. तुम्ही बनवलेल्या वस्तूने त्या माणसाचं ओझं हलकं झालं की वाढलं, यावरून मी आता कुठल्याही कंपनीचं मोल करतो. आशाताई एकच नोंद रजिस्टरमध्ये लिहिते आणि रात्री घरी बसून पुन्हा मोबाइलमध्ये भरते, हे मी पाहिलं आहे. तिच्या त्या रात्रीच्या वेळाचा हिशोब कुठल्याच डेमोत येत नाही.

आपण तरुण होतो तेव्हा पुण्यात संगणक म्हटला की सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आठवायची. 1988 साली ती संस्था निघाली, 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार झाला आणि तो घडवणाऱ्या डॉ. विजय भटकरांचं नाव घराघरांत पोचलं. त्याचा अभिमान मला आजही आहे. पण माझ्या कामाला दिशा मिळाली ती 2001 मध्ये सुरू झालेल्या एमकेसीएलमुळे, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनमुळे. त्यांचा एमएस-सीआयटी हा संगणक शिकवणारा अभ्यासक्रम गावोगाव कसा गेला ते आठव. एमकेसीएलच्या विवेक सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक तालुक्यात स्वतःच्या इमारती बांधल्या नाहीत. तिथल्याच एखाद्या होतकरू पोराने गाळा घेऊन चार संगणक मांडले होते, त्याला अभ्यासक्रम दिला, परीक्षेची पद्धत दिली, मराठीतून शिकायची सोय दिली. तो पोरगा शिक्षकही झाला आणि मालकही. तंत्रज्ञान खेड्यात टिकवायचं असेल तर तिथल्या कुणाची तरी रोजीरोटी त्यावर उभी राहायला हवी, हे मी तेव्हा पाहिलं आणि पुढे प्रत्येक कामात तेच करायचा प्रयत्न केला.

आता लेकीसाठी मुद्दाम दोन गोष्टी सांगतो. दोन्हींत मोबाइल नाही, तरी माझ्या मते त्या उत्तम तंत्रज्ञानाचे नमुने आहेत.

पहिली असरची चाचणी, म्हणजे मुलांना किती वाचता येतं ते बघणारी पाहणी. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने 2005 पासून हे सर्वेक्षण सुरू केलं. स्वयंसेवक घरी जातो आणि मुलासमोर कागद धरतो. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठवर वाचतं ते आईच्या डोळ्यांसमोर कळतं. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण 27 टक्केच दुसरीच्या पातळीचं वाचू शकली. हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण मला त्याहून मोठी वाटते ती मोजायची रीत. ती कुणालाही शिकता येते, आणि मोजल्याबरोबर पुढे काय करायचं ते सुचतं.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने बाळाचा न्यूमोनिया ओळखायला श्वासमापक बनवला. लिहिता-वाचता न येणाऱ्या, मोठे आकडे न मोजणाऱ्या दाईलाही तो वापरता यावा म्हणून. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि बाजूला एक मिनिटाची वाळूची घडी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ आणि त्याहून मोठ्याचे पन्नास श्वास झाले तर धोका. आधी मणी संपतात की वाळू, एवढंच तिने बघायचं. साठ हा आकडा तिला माहीत असण्याची गरजच ठेवली नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांनी त्या दाईला किती नीट पाहिलं असेल! त्याच संस्थेने पुढे 39 गावांतल्या बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिथला नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी उतरल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुझ्या लेकीला कृत्रिम बुद्धिमत्तेचं काहीतरी बनवायचं आहे. जरूर बनवावं. पण आधी त्या मण्यांसमोर बसून विचार करावा.

पैशाचं म्हणशील तर इथे पैसा हळू येतो आणि तो हळूच येणार हे धरून चालावं. सरकारी काम म्हटलं की टेंडर, अनामत, मार्चएंडची घाई, आणि त्यानंतर बिलासाठी थांबणं. त्या काळात पगार द्यायचेच असतात. गुंतवणूकदार मात्र घाईत असतात. ऑनलाइन शिकवण्या देणाऱ्या बायजूजचं काय झालं ते आपण पाहिलं. 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर मूल्य लावलेली कंपनी जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शिकण्याचा वेग भांडवलाच्या वेगाने वाढवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. पहिली काही वर्षं शक्यतो अनुदानावर काढावीत. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान 50 लाखांपर्यंत मिळतं. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारात नव्या कंपन्यांना हात देणारं व्हेंचर सेंटर आहे, तिथे जाऊन तिने माणसांशी बोलावं.

परवानग्यांना तिने अडथळा समजू नये. 1 एप्रिल 2020 पासून वैद्यकीय उपकरणाच्या कायदेशीर व्याख्येत सॉफ्टवेअरही आलं. रोगाचं निदान सांगणारं अ‍ॅप हे नुसतं अ‍ॅप राहिलेलं नाही, आणि हे योग्यच झालं. 2020 च्या मार्चमध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीने कोविडचं पहिलं भारतीय आरटी-पीसीआर किट सहा आठवड्यांत केलं. त्या चमूच्या प्रमुख मीनल डाखवे-भोसले यांनी किट एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, तपासणीला दिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलगी झाली. सगळ्यांना ते सहा आठवडे आठवतात. पण रक्तातून पसरणाऱ्या संसर्गांच्या चाचण्यांवर त्या कंपनीने आधीच काम केलेलं होतं, म्हणून ते सहा आठवड्यांत झालं.

अजून एक. मुलाचे गुण आणि रुग्णाचा केस पेपर या दोन्हींवर कंपनीची मालकी नसते. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती बंधनकारक केली आहे. पण कायद्याने सांगितलं म्हणून नव्हे, लाज वाटायला हवी म्हणून हे पाळावं. गावातल्या एखाद्या बाईने आपला आजार विश्वासाने सांगितलेला असतो. ती माहिती विकून फायदा दाखवणाऱ्यांशी मी व्यवहार ठेवलेला नाही, आणि तिनेही ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

आता करायचं काय? राजीनामा लगेच देऊ नये. नोकरीत साठलेली रजा काढावी आणि एखाद्या उपकेंद्रावर आरोग्यसेविकेबरोबर राहावं. लॅपटॉप न्यायचा नाही. लसीकरणाच्या दिवशी काय काय लिहावं लागतं, कुठे रांग अडते, मोबाइलला रेंज कधी जाते, हे वहीत लिहावं. शिरूर तालुक्यात वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम आहे, घराघरांतल्या जन्ममृत्यूच्या नोंदी ते 2002 पासून ठेवत आले आहेत. ते पाहता आलं तर अवश्य पाहावं. परत आल्यावर माझ्याकडे यावं, वही घेऊन. तिची कल्पना तेव्हाही तशीच राहिली असेल तर माझ्या ओळखीच्या दोन डॉक्टरांकडे मी स्वतः तिला घेऊन जाईन.

वहिनींना सांग, वर्षभराचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय तिने नोकरी सोडायची नाही, ही अट माझ्या नावावर घाला. मार्च संपेपर्यंत मी बिलांच्या मागे असेन. पाडव्यानंतरच्या रविवारी तिला पाठव, आणि जमलं तर तूही ये.

तुझाच,
कोथरूडकर