येळवशीची तयारी

लातूर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

पुण्याची मंडळी घेऊन यंदा येळवस, म्हणजे आपला वेळ अमावस्येचा सण, रानातच करायची म्हणतोस, फार बरं. मार्गशीर्ष अमावस्येला इथं जिल्हाभर सुट्टी असते, सगळं गाव शेतात. म्हणून ओल्या शेंगा दोन दिवस आधीच घे. सोलायच्या मात्र आदल्या रात्री, नाहीतर दाणे चामट होतात.

खरी परीक्षा भज्जीची, म्हणजे सोले नि भाज्या एकत्र शिजवलेल्या कालवणाची. दहा जणांना तूर, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचे सोले प्रत्येकी दोन वाट्या, शेंगदाणे एक वाटी, शिवाय मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगी. शेंगदाणे सर्वांत आधी शिजायला टाक. चुका आणि चिंचेचा कोळ दाणा बोटानं चेपला गेल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा टणकच राहतो, मग कितीही उकळ. शेवटी दीड वाटी बेसन गार पाण्यात कालवून, ढवळत ढवळत सोड. चुलीवर असताना पातळच दिसू दे, गार झाल्यावर ती आळते. वर लसूण-मिरचीची फोडणी. काही जण हल्ली पनीर घालतात. त्यांना काय बोलावं!

आंबिलीला दोन वाट्या ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी सकाळी पाण्यात भिजव. थंडीत ते सावकाश आंबतं. संध्याकाळी शिजवून पूर्ण गार कर आणि मगच दोन लिटर ताक, लसूण, जिरं, मीठ घाल. गरम पिठात ताक ओतलंस तर फुटतं. भांडं मातीचंच हवं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट कळकतं.

उंड्यांसाठी, म्हणजे वाफवलेल्या गोळ्यांसाठी, बाजरी ताजी दळ, जुनं पीठ कडू होतं. उकळत्या पाण्यानं मळ, गार पाण्याच्या पिठाला चिकटपणा येत नाही आणि वाफवताना उंडे फुटतात.

रानात कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप (खोपी) कर, आत चुना-काव लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांड. पूजा झाली की आधी चर शिंपायचा, जेवण नंतर. एकानं ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडत बांधाबांधानं फिरायचं. बिदर-कलबुर्गीकडे हीच एळ्ळ अमावस्या. चर शिंपण्याला तिकडे चरगा म्हणतात, आणि पानात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची पोळी असते. ती पोळी आपल्याकडेही करून बघ, पोरांना आवडेल.

संध्याकाळी हेंडगा, म्हणजे कडब्याची पेंढी, पेटवाल तेव्हा जपून. तुरीची बुचाडं आणि उसाचं पाचट यांच्यापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, पाण्याची घागर शेजारी ठेवूनच. पोरांच्या हाती पेटती पेंढी देऊ नकोस.

माणसं नक्की किती, ते कळव, म्हणजे बाजरी किती दळायची ते सांगता येईल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक