शनिवारची पालक मीटिंग – पहिली ते चौथी

पालकांनो, येत्या शनिवारी सकाळी साडेनऊला आपल्या वाशीच्या शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग आहे, घरटी एकजण तरी या, आजी-आजोबा आले तरी चालेल. सिस्टर वर्षभराचा अभ्यासक्रम सांगणारेत.

कॅटेकिझम (कॅथलिक धर्मशिक्षण) सगळ्यांना आहे का, असं ग्रुपवर सारखं विचारतायत म्हणून लिहिते, ते फक्त कॅथलिक मुलांना, त्याच तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण. संविधानाच्या कलम 28 प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, फॉर्म त्यासाठीच दिलाय, सही करून आणा.

मराठी सगळ्यांना आहे, 2020 चा कायदाच आहे, सूट मागू नका.

शेअरिंगच्या डब्यासाठी मूठभर तांदूळ किंवा डाळ द्या, पण मुलांनाच टाकू द्या, गेल्या वेळी मम्मी लोकांनीच रांग लावली होती 😄

गाड्या गेटसमोर नकोत प्लीज, स्कूलबस अडकते.